पोच आधी, ‘झालं’ नंतर: इंटरफेस वेगवान ठेवून वापरणाऱ्याचा विश्वास कसा टिकवायचा

‘सेव्ह’ दाबल्याबरोबर हिरवी खूण दिसली, माणसाने टॅब बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर भरलेलं काहीच जागेवर नव्हतं. अशी तक्रार आली की टीम बहुधा दोनपैकी एक उपाय करते. एकतर सगळीकडे फिरणारं चक्र लावते आणि प्रत्येक कामाला सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहायला लावते, नाहीतर प्रत्येक बटणामागे ‘तुमची खात्री आहे का?’ असा डायलॉग घालते. पहिल्या उपायाने वेग जातो. दुसऱ्याने वेग जातोच, शिवाय चार दिवसांत तो डायलॉग कुणी वाचेनासं होतं, म्हणजे विश्वासही मिळत नाही.

मूळ चूक क्रमात असते. आधी सगळं सरसकट वेगवान करायचं आणि शेवटच्या आठवड्यात वरून विश्वासाचा थर द्यायचा, अशी पद्धत पडून गेली आहे. इथे दिलेला क्रम वेगळा आहे: आधी क्रिया वेगळ्या करा, मग प्रत्येकीला साजेसा वेग ठरवा. सगळ्या टप्प्यांमागे एकच नियम आहे. पोच ताबडतोब द्यायची, ‘झालं’ मात्र काम खरोखर झाल्यावरच म्हणायचं.

## पूर्वतयारी: स्क्रीनची नव्हे, क्रियांची यादी

एक साधा तक्ता करा. त्यात स्क्रीनची नावं लिहू नका, क्रियापदं लिहा: शोधणे, गाळणे, आवडल्याची खूण करणे, दुरुस्त करणे, पाठवणे, पैसे भरणे, काढून टाकणे, खातं बंद करणे. प्रत्येक क्रियेपुढे पाच रकाने ठेवा:

- एक माणूस ती दिवसात साधारण किती वेळा करतो
- ती मागे घेता येते का, आणि किती वेळापर्यंत
- तिचा परिणाम अ‍ॅपच्या बाहेर कुठे पोचतो (मेल, दुसऱ्याच्या फोनवरची सूचना, बँक)
- ती चुकली तर नुकसान कोणाचं
- आज तिला प्रत्यक्ष किती वेळ लागतो

शेवटचा रकाना अंदाजाने भरू नका. ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपवर मोजलेला वेळ कामाचा नाही. तीन-चार वर्षं जुना, कमी मेमरीचा फोन घ्या, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करा आणि मोजा. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची मोजमापं हाती असतील तर सरासरी बघू नका; दहा जणांना फार झटपट उत्तर मिळालं की अकराव्याचे सहा सेकंद सरासरीत दिसतच नाहीत. सगळी मोजमापं चढत्या क्रमाने लावा आणि १०० पैकी ७५वं आणि ९५वं बघा. वेबपानांचा अनुभव मोजणाऱ्या गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या मोजमापांतही ७५वंच धरतात. विश्वास मात्र ९५व्या जागी तुटतो, म्हणून मी दोन्ही लिहून ठेवतो.

आणखी एक काम बहुतेक जण गाळतात: मदत कक्षाकडे आलेले संदेश वाचणे. ‘माझं झालं का?’, ‘दोनदा गेलं का?’, ‘पैसे कापले पण पुढे काही दिसेना’ या तीन प्रकारचे प्रश्न वेगळे काढा आणि ते कोणत्या क्रियेबद्दल आहेत ते तक्त्यात नोंदवा. कुठून सुरुवात करायची हे त्यावरून कळतं.

तपासणी: ‘परिणाम बाहेर कुठे पोचतो’ हा रकाना सर्व्हरचं काम करणाऱ्या सहकाऱ्याबरोबर बसून भरला आहे ना? डिझायनरने एकट्याने भरलेल्या या रकान्यात हमखास काहीतरी सुटतं.

## टप्पा १: क्रियांचे तीन गट पाडा

हलक्या क्रिया. टॅब बदलणे, यादी गाळणे, क्रम लावणे, आवडल्याची खूण. चुकलं तर पुन्हा एकदा बोट लावलं की झालं. इथे वेग हाच विश्वास आहे. हे काम अडखळलं की माणसाला सगळंच अडखळतंय असं वाटतं.

मागे घेता येणाऱ्या क्रिया. नोंद दुरुस्त करणे, कचरापेटीत टाकणे, फाइल हलवणे. चुकलं तर थोडा त्रास होतो, पण वाट उलटी चालता येते.

मागे न घेता येणाऱ्या क्रिया. पैसे भरणे, संदेश दुसऱ्याला पाठवणे, परीक्षेचा पेपर जमा करणे, खातं कायमचं मिटवणे.

सर्वांत जास्त चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या सीमेवर होतात. डेव्हलपर म्हणतो, ‘ओळ डेटाबेसमध्येच असते, फक्त लपवलेली. म्हणजे मागे घेता येते.’ पण ती ओळ लपताच पाच सहकाऱ्यांना ‘काम रद्द झालं’ अशी सूचना गेली असेल, तर ती सूचना कुणी परत आणू शकत नाही. क्रिया मागे घेता येते की नाही हे डेटाबेसवरून ठरत नाही. ती घडल्याचं आणखी कुणाला कळलं का, यावरून ठरतं.

दुसरी चूक म्हणजे एका क्रियेला कायमचा एकच गट देणे. स्वतःच्या टिपणात बदल करणं हलकं आहे, तोच बदल पाचशे जणांनी उघडलेल्या सामायिक कागदात केला तर नाही. संख्या, रक्कम आणि प्रेक्षक बदलले की गट बदलतो. तक्त्यात अशा क्रियेला दोन ओळी द्या.

सावधान: शंका असेल तर क्रिया वरच्या, म्हणजे जास्त जड गटात टाका. नंतर ती हलकी करणं सोपं असतं. एकदा फसलेल्या माणसाला परत आणणं फार अवघड.

## टप्पा २: प्रत्येक क्रियेचे चार क्षण लिहून काढा

कोणत्याही क्रियेत चार क्षण असतात: स्पर्श, पोच, प्रगती, निकाल. बहुतेक स्क्रीन स्पर्शावरून थेट निकालावर उडी मारतात, आणि विश्वास तुटतो तो मधल्या दोन क्षणांत.

पोच म्हणजे ‘तुमचं बोट लागलं, कळलं’. ती ०.१ सेकंदाच्या आत दिली तर माणसाला ती स्वतःच्या हाताने झाल्यासारखी वाटते. साधारण १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. १० सेकंद झाले की लक्ष दुसरीकडे जातं. संगणकाने किती वेळात उत्तर द्यावं यावरच्या रॉबर्ट मिलर यांच्या १९६८च्या निबंधापासून या मर्यादा जवळजवळ तशाच राहिल्या आहेत, कारण त्या यंत्राच्या नाहीत, माणसाच्या आहेत. आजच्या वेबसाठी आयएनपी हे मोजमाप बघा. स्पर्शानंतर स्क्रीनवर पुढचं चित्र उमटायला किती वेळ लागला ते त्यात कळतं, आणि २०० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असेल तर ते चांगलं धरतात.

पोच देण्यासाठी सर्व्हरची गरज नाही, हे टीमला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बटण दाबल्यावर त्याचा रंग किंवा छटा बदलणं सीएसएसमध्येच (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) होतं. तरीही पोच उशिरा येते, कारण त्याच क्षणी जावास्क्रिप्ट दुसरं मोठं काम करत बसलेलं असतं. ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त चालणारी कामं शोधा, त्यांचे तुकडे करा आणि पोच उमटल्यानंतरच जड काम सुरू करा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बटणाची अवस्था बदला, मग रिक्वेस्ट (सर्व्हरकडे मागणी) पाठवा, मग वापराची मोजदाद ठेवणारं साधन वगैरेंना कळवा. मी पाहिलेल्या कोडमध्ये हा क्रम किती तरी वेळा नेमका उलटा होता.

आता शब्द. इथे मराठीचे काळ आपल्या कामाला येतात, आणि ते काटेकोर वापरायला हवेत.

- पोच: ‘पाठवत आहोत…’
- सर्व्हरने ताब्यात घेतलं, पण काम बाकी आहे: ‘आमच्याकडे आलं आहे. पुढचं काम चालू आहे.’
- पूर्ण झालं: ‘पाठवलं. १०:४२ वाजता.’
- माहीत नाही: ‘पोचलं की नाही ते तपासत आहोत. पुन्हा पाठवू नका.’

‘यशस्वी!’ हा शब्द मी काढून टाकायला लावतो. काय यशस्वी झालं, कधी, पुढे काय होणार, यातलं तो काहीच सांगत नाही. रिक्वेस्ट सर्व्हरने रांगेत घेतली एवढ्यावरच तो दाखवला जातो आणि माणूस त्याचा अर्थ ‘काम झालं’ असा घेतो. या लेखाच्या सुरुवातीचा प्रसंग यातूनच घडतो.

तपासणी: प्रत्येक भूतकाळी वाक्यापुढे लिहा की ते सर्व्हरच्या नेमक्या कोणत्या उत्तरानंतर दिसतं. जिथे लिहिता येत नाही तिथे वाक्य खोटं आहे असं समजा.

## टप्पा ३: जड क्रिया आधी पक्क्या करा

हलक्या क्रिया झटपट करण्याचा मोह सोडा आणि तिसरा गट आधी हातात घ्या. यातलं अर्धं काम सर्व्हरवरचं आहे, त्याला वेळ लागतो, आणि ते झाल्याशिवाय वरची डिझाइनं पोकळ राहतात.

३.१ एकच काम दोनदा होऊ देऊ नका. दोनदा दाबणं रोखण्यासाठी बटण डिसेबल करणं पुरेसं आहे, असा समज सार्वत्रिक आहे. ते पुरत नाही. माणूस पान पुन्हा लोड करतो, मागे जाऊन पुढे येतो, दुसरा टॅब उघडतो. किंवा नेटवर्कचा एखादा थर रिक्वेस्ट स्वतःच पुन्हा पाठवतो. उपाय आहे आयडेम्पोटन्सी की. माणूस अंतिम तपासणीच्या पानावर आला की त्या व्यवहारासाठी एक अनन्य ओळख तयार करा आणि प्रत्येक रिक्वेस्टबरोबर तीच पाठवा. सर्व्हरला तीच ओळख दुसऱ्यांदा दिसली तर त्याने काम पुन्हा न करता आधीचाच निकाल परत द्यावा. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीमध्ये पुट आणि डिलीट या रिक्वेस्टच्या पद्धती व्याख्येनेच पुन्हा पाठवायला सुरक्षित मानल्या जातात, पोस्ट नाही. आणि पैसे किंवा संदेश बहुधा पोस्टनेच जातात.

यात एक बारीक चूक फार होते: ओळख बटण दाबण्याच्या क्षणी तयार करणे. मग प्रत्येक दाबाला नवी ओळख मिळते आणि सगळा खटाटोप वाया जातो. ती व्यवहाराची ओळख आहे, दाबण्याची नव्हे. पान पुन्हा लोड झालं तरी तीच राहील अशा जागी ठेवा.

३.२ टाइमआउट म्हणजे अपयश नव्हे. ३० सेकंद उत्तर आलं नाही, याचा अर्थ फक्त एवढाच की उत्तर आलं नाही. पैसे गेले असतील, नसतीलही. तरी असंख्य स्क्रीन अशा वेळी लाल अक्षरांत ‘व्यवहार अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतात, माणूस सांगितल्याप्रमाणे करतो आणि दोनदा पैसे जातात. तिसरी अवस्था ठेवा: अनिश्चित. या अवस्थेत स्क्रीनने स्वतःहून सर्व्हरला स्थिती विचारत राहायची, दर वेळी थोडं जास्त थांबून. २, ४, ८ सेकंद असं. माणसाला तीन गोष्टी सांगायच्या: आता काय माहीत आहे, कधीपर्यंत कळेल, आणि हे पान बंद केलं तर चालेल का. यातलं तिसरं उत्तर सर्वांत मोलाचं आहे. ‘तुम्ही हे पान बंद करू शकता, निकाल मेलने कळवू’ हे वाक्य खरं करता आलं, तर वाट पाहण्याची शिक्षाच संपते.

३.३ थांबवायचं तर योग्य जागी थांबवा. अंतिम डायलॉगमध्ये ‘तुमची खात्री आहे का? होय / नाही’ असं लिहू नका. ज्या वस्तूवर काम होणार तिचं नाव, रक्कम किंवा संख्या, आणि परिणाम त्यात लिहा; बटणावर क्रियापद ठेवा. ‘“वार्षिक अहवाल” आणि त्यातल्या ३८ फाइली कायमच्या मिटतील. फाइली मिटवा / राहू द्या.’

हा मुद्दा किती गंभीर आहे याचं उघड उदाहरण ११ ऑगस्ट २०२०चं आहे. सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. प्रत्यक्षात बँकेचे स्वतःचे जवळजवळ ९० कोटी डॉलर बाहेर गेले. मुद्दल बँकेतच ठेवण्यासाठी तीन रकाने भरायला हवे होते, एकच भरला गेला. व्यवहार तीन माणसांच्या नजरेखालून गेला होता. शेवटी एक इशाराही आला होता. त्यात पैसे बँकेबाहेर पाठवले जातील, पुढे जायचं का, एवढंच विचारलं होतं. रक्कम लिहिलेली नव्हती. तीन जणांनी तपासूनही चूक सुटते, ती त्यांच्यापुढे चुकीचा प्रश्न ठेवला जातो म्हणून. तुमच्या डायलॉगमध्ये आकडा आहे का, एवढं तरी आजच बघा.

३.४ जमेल तिथे डायलॉगऐवजी मागे घेण्याची मुभा द्या. जीमेलमध्ये मेल पाठवल्यावर तो मागे घेण्यासाठी ५, १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. मेल परत येत नाही, तो तेवढा वेळ पाठवलाच जात नाही. जड क्रिया थोडा वेळ दुसऱ्या गटात आणण्याची ही उत्तम युक्ती आहे. माणूस थांबत नाही आणि चूक सुधारता येते. मात्र ही मुदत संपेपर्यंत सर्व्हरवर बाहेरचं काहीही घडता कामा नये, आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं साधन) वापरणाऱ्याला किंवा हळू हात चालणाऱ्याला ५ सेकंद पुरत नाहीत हे लक्षात ठेवा. मुदत वाढवण्याची सोय द्या.

कायदेशीर बांधिलकी, पैसे आणि साठवलेली माहिती यांच्याबाबतीत डब्ल्यूसीएजी २.२ या, वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीतला ३.३.४ हा निकष तीन पर्याय देतो: क्रिया मागे घेता यावी, भरलेल्या माहितीतल्या चुका तपासून दाखवाव्यात, किंवा पाठवण्याआधी सगळं पुन्हा पाहून दुरुस्त करता यावं. यातला किमान एक तरी हवाच. तिसऱ्या गटातल्या प्रत्येक क्रियेपुढे यातला कोणता निवडला ते तक्त्यात लिहा.

सावधान: ‘पुन्हा विचारू नका’ ही चौकट तिसऱ्या गटातल्या डायलॉगवर कधीही ठेवू नका. ती ठेवावीशी वाटत असेल तर तो डायलॉगच चुकीच्या क्रियेवर आहे.

## टप्पा ४: आता हलक्या क्रिया झटपट करा

सर्व्हरचं उत्तर येण्याआधीच स्क्रीनवर बदल दाखवायचा, याला ऑप्टिमिस्टिक अपडेट म्हणतात. आवडल्याची खूण दाबताक्षणी रंगते ती यामुळेच. योग्य जागी वापरलं तर याच्याइतकं सुखद काही नाही.

मी स्वतः हे एकदा चुकीच्या जागी वापरलं. भेटीची वेळ राखून ठेवण्याचा स्क्रीन होता. वेळेवर बोट लावलं की ती लगेच ‘तुमच्यासाठी राखली’ अशी हिरवी दिसायची आणि सर्व्हरशी बोलणं मागून व्हायचं. चाचणीत सगळ्यांना आवडलं. मग एका सकाळी दोन माणसं एकाच वेळेसाठी येऊन उभी राहिली. दोघांनीही तो हिरवा चौकोन पाहिला होता, आणि ‘नाही मिळाली’ हा संदेश एकाच्या फोनवर त्याने अ‍ॅप बंद केल्यावर येऊन गेला होता. त्या माणसाला समजावताना माझ्याकडे एकही धड शब्द नव्हता, कारण त्याने स्क्रीनवर वाचलेलं वाक्य मीच लिहिलेलं होतं.

तेव्हापासून तीन अटी पाळतो. बदल माणसाच्या स्वतःच्या वस्तूवर असावा, दुसऱ्याशी स्पर्धा असलेल्या वस्तूवर नसावा. अपयश विरळ असावं. आणि उलटवलं तर दुसऱ्या कुणाला कळलेलं नसावं. तिन्ही पूर्ण झाल्या तर असा क्रम ठेवा:

1. आधीची अवस्था जपून ठेवा.
2. स्क्रीनवर बदल दाखवा.
3. रिक्वेस्ट पाठवा, तिला क्रमांक द्या.
4. यश आलं तर गप्प बसा. दरवेळी अभिनंदन नको.
5. अपयश आलं तर आधीची अवस्था परत आणा आणि त्याच जागी कारण सांगा.

क्रमांक कशाला? माणूस खूण लावतो, काढतो, पुन्हा लावतो. तीन उत्तरं उलटसुलट क्रमाने येऊ शकतात, आणि जुन्या रिक्वेस्टचं उत्तर शेवटी आलं तर खूण आपोआप निघून गेल्यासारखी दिसते. जुन्या क्रमांकाची उत्तरं टाकून द्या. माणसाचा शेवटचा हेतू तोच खरा.

पाचव्या पायरीवर सर्वांत जास्त ढिलाई होते. बदल गुपचूप उलटवला जातो किंवा कोपऱ्यात ३ सेकंद एक टोस्ट (आपोआप नाहीशी होणारी छोटी सूचना) दिसून जातो, तोवर माणूस दुसऱ्या स्क्रीनवर गेलेला असतो. अपयशाची खूण वस्तूपाशीच राहिली पाहिजे, माणसाने पाहून काही करेपर्यंत. तो स्क्रीन सोडून गेला असेल तर परत आल्यावर ती दिसली पाहिजे.

तपासणी: सर्व्हर मुद्दाम दर पाचव्या वेळी अपयश देईल असं करा आणि दहा मिनिटं अ‍ॅप वापरा. काय झालं आणि काय नाही हे शेवटी तुम्हाला न बघता सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ५: वाट पाहण्याचा वेळ प्रामाणिक ठेवा

१ सेकंदाच्या आत काम होत असेल तर चक्र दाखवू नका. लखकन येऊन गेलेलं चक्र बिघाडासारखं वाटतं. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर काय चाललं आहे ते शब्दांत सांगा. १० सेकंदांच्या पुढे टक्केवारी किंवा पायऱ्या दाखवा आणि थांबवण्याची सोय द्या. टक्केवारी कामाशी जोडलेली हवी. ९९ टक्क्यांवर अडकलेली पट्टी म्हणजे आकडा मनाने दिला होता याची कबुली, आणि शेवटी शेवटी आलेली अडखळ माणसाला सर्वांत जास्त टोचते.

स्केलेटन स्क्रीन, म्हणजे मजकूर येईपर्यंत दाखवायचा रिकामा सांगाडा, वापरत असाल तर त्याच्या राखाडी चौकटी पुढे येणाऱ्या मजकुराच्याच मापाच्या ठेवा. नाहीतर मजकूर येताच सगळं सरकतं आणि ‘रद्द करा’वर नेलेलं बोट ‘भरा’वर पडतं. ही सरकासरक सीएलएस या मोजमापात दिसते, ०.१ किंवा त्याहून कमी ठेवा. बटणांच्या वर उशिरा येणाऱ्या जाहिराती आणि सूचनापट्ट्यांसाठी जागा आधीच मोकळी सोडा.

मुद्दाम वाट पाहायला लावण्याबद्दल माझं मत ठाम आहे. रायन ब्युएल आणि मायकल नॉर्टन यांच्या २०११च्या संशोधनात दिसलं की साइट काय काम करते आहे ते दाखवलं, तर निकाल तेच असूनही लोक काही वेळा झटपट उत्तरापेक्षा थांबून मिळालेलं उत्तर पसंत करतात. अनेकांनी यातून खोटा विलंब घालण्याची परवानगी काढली. घेण्यासारखं आहे ते ‘काम दाखवा’ एवढंच. जे काम खरंच चालू आहे, ते दाखवा. काहीच चालू नसताना ‘तुमची माहिती सुरक्षित करत आहोत…’ असं फिरवत ठेवणं म्हणजे सरळ खोटं बोलणं आहे, आणि ते कोड वाचणाऱ्या पहिल्या माणसाला दिसतं.

साठवलेली जुनी माहिती आधी दाखवून मागून ताजी आणणं चांगलं, पण ती किती जुनी ते लिहा: ‘१० मिनिटांपूर्वीची शिल्लक’. आणि त्या जुन्या आकड्यावर आधारलेली जड क्रिया ताजा आकडा येईपर्यंत सुरू होऊ देऊ नका.

## टप्पा ६: भरलेलं हरवू देऊ नका

लांब फॉर्म भरताना लॉगिनची मुदत संपली आणि सगळं पुसलं गेलं, की मागचे सगळे टप्पे वाया जातात. टंकलेलं दर काही सेकंदांनी मसुदा म्हणून साठवा, मुदत संपण्याआधी सांगा, पुन्हा लॉगिन केल्यावर त्याच जागी आणून सोडा. पासवर्ड आणि कार्डाचे आकडे मात्र मसुद्यात कधीच जाऊ देऊ नका. सामायिक संगणकावर ते दुसऱ्याच्या हाती पडतात.

चूक सांगणारा संदेश रकान्याजवळ लिहा आणि दुरुस्ती कशी करायची ते सांगा. ‘अवैध इनपुट’ने कुणाचं काम पुढे जात नाही. ‘तारीख आजच्या नंतरची हवी’ याने जातं.

## टप्पा ७: मोडून बघा

सगळं सुरळीत असताना केलेली चाचणी इथे उपयोगाची नाही. तिसऱ्या गटातल्या प्रत्येक क्रियेवर हे करून बघा:

- रिक्वेस्ट निघाल्यावर, उत्तर येण्याआधी फोन विमान मोडवर टाका
- बटण पटापट चार वेळा दाबा
- त्याच क्षणी पान पुन्हा लोड करा, मग मागे जा
- दोन टॅबमधून तीच क्रिया करा
- स्क्रीन रीडर चालू करून ऐका: पोच आणि निकाल दोन्ही न विचारता ऐकू येतात का

शेवटच्या चाचणीत बहुतेक इंटरफेस नापास होतात. रंग बदलतो, खूण येते, पण आवाजात काहीच नाही. स्थिती सांगणारा मजकूर ‘aria-live’ भागात (ज्यातला बदल स्क्रीन रीडर आपोआप वाचतो) ठेवा, आणि तो भाग पान लोड होताना आधीपासूनच असू द्या. मजकुरासकट तो भाग नंतर घातला तर अनेकदा वाचलाच जात नाही.

मग माणसांना बसवा. पाच-सहा जण पुरतात. ‘आवडलं का?’ विचारू नका. प्रत्येक क्रियेनंतर दोनच प्रश्न: ‘काम झालं का?’ आणि ‘कशावरून म्हणता?’ त्यांचं उत्तर आणि सर्व्हरवरची खरी स्थिती शेजारी शेजारी लिहा. माणूस ‘झालं’ म्हणतो आणि सर्व्हरवर झालेलं नाही, ती जागा सर्वांत आधी दुरुस्त करा. उलट असेल, म्हणजे काम झालं आहे पण माणसाला खात्री नाही, तर तिथे बहुधा शब्द बदलूनच भागतं.

## टप्पा ८: सोडल्यानंतर काय मोजायचं

वेगाचे आकडे तर बघालच. त्यांच्या शेजारी चार आकडे आणखी ठेवा: एकाच आयडेम्पोटन्सी कीने किती रिक्वेस्ट आल्या, निकालाच्या पानावर किती जणांनी लगेच पुन्हा लोड केलं, ‘मागे घ्या’ किती वेळा वापरलं गेलं, आणि ‘झालं का?’ प्रकारचे किती संदेश आले.

वेग वाढवणारा बदल सोडल्यावर पहिला किंवा दुसरा आकडा चढला तर पोच कमी पडते आहे. टप्पा २कडे परत जा. ‘मागे घ्या’ अचानक वाढलं तर क्रिया चुकून होते आहे. तेव्हा बटणांची जागा आणि माप आधी बघा, डायलॉग घालायला धावू नका. डब्ल्यूसीएजी २.२ स्पर्शाच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल सांगतं. फोनवर जड क्रियेच्या बटणाला मी त्याच्या जवळजवळ दुप्पट माप देतो आणि ‘रद्द करा’ला त्याच्यापासून दूर ठेवतो.

एका वेळी एकाच गटात बदल सोडा. तिन्ही गट एकदम बदलले तर आकडा चढला का उतरला ते दिसेल, पण कशामुळे ते कळणार नाही. नवी क्रिया अ‍ॅपमध्ये आली की तिचं पहिलं पान डिझाइन होण्याआधी ती तक्त्यात लिहा आणि पाचही रकाने भरा.